रस्त्याकडेचा कचरा कोणाच्या खात्यावर?

मराठी शाळेतून पी.यू.सी.च्या वाणिज्य वर्गात आल्यावर पहिल्या आठवड्यातच आम्हांला द्विनोंदी पद्धतीचा नियम शिकवला गेला. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एका खात्यात नावे पडले की दुसऱ्या कोणत्यातरी खात्यात जमा झालेच पाहिजे. एकच बाजू लिहून वही मिटता येत नाही. हा नियम केवळ वह्यांपुरता आहे असे तेव्हा वाटले होते. परंतु आता बेळगावच्या कोणत्याही रस्त्याने जाताना कडेला पडलेल्या गाठ मारलेल्या पिशव्या, चहाचे पेले आणि बाटल्या दिसल्या की मनात येते, कचरा टाकणारा माणूस या व्यवहाराची एकच बाजू लिहीत असतो. त्याच्या हातातले ओझे गेले, त्याचा हिशेब संपला. दुसरी बाजू मात्र कोणाच्या तरी वहीत पडलेली असतेच. ती कोणाच्या वहीत पडते, लोक असे का वागतात आणि त्यांना यापासून परावृत्त कसे करता येईल, या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

दुसरी बाजू कोण भरतो?

पहिले नाव येते पौरकार्मिकांचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ढीग रोज पहाटेपर्यंत तयार होतो. तो उचलायला येणाऱ्या अक्कांना मी एकदा विचारले, की या कामात सर्वांत त्रासाचे काय? त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "कट्टिद चीलदाग एनैति अंत नमगेन गोत्त री?" म्हणजे गाठ मारलेल्या पिशवीत काय आहे ते आम्हांला काय ठाऊक? फुटलेली काच, दाढीचे पाते, औषधाची सुई, वापरलेले पॅड, उरलेली आमटी, सारे एकाच पिशवीत असते आणि ती पिशवी हाताने उचलावी लागते. टाकणाऱ्याने गाठ मारली ती आपल्या हाताला घाण लागू नये म्हणून. त्या गाठीचा धोका मात्र दुसऱ्याच्या हातावर गेला.

दुसरे नाव शेतकऱ्याचे. शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी घेऊन जाणारा बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारातून जातो, आणि पावसाळ्यात तो तुंबला की उभे भातपीक पाण्याखाली जाते. नाल्याचे दुखणे केवळ कचऱ्याचे नाही. साचलेला गाळ आणि अतिक्रमणे हीही त्याची कारणे आहेत. परंतु रस्त्याकडेला टाकलेली पिशवी पहिल्या पावसात गटारात जाते, गटारातून नाल्यात जाते आणि मोरीच्या तोंडाशी अडकून बसते, हे सांगायला अभियंता लागत नाही.

तिसरे नाव मुक्या जनावराचे. शिळ्या भाताच्या वासाने गाय पिशवीसकट भात गिळते. प्लॅस्टिक तिच्या पोटात पचत नाही आणि सहसा बाहेरही पडत नाही; त्याचा गोळा वाढत जातो आणि चाऱ्याला जागा उरत नाही. चौथे नाव नदीचे. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी लागते. मलप्रभेचा उगम तेथलाच. गोव्याला जाणारी-येणारी मंडळी त्या परिसरात गाड्या थांबवून खातात-पितात आणि बाटल्या झाडीत फेकतात. उगमाशीच नदीच्या खात्यावर कर्ज चढते आणि खालच्या गावांना ते वारशाने मिळते.

हात जुना, वस्तू नवी

लोक कचरा का टाकतात याचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे 'लोकांना शिस्त नाही'. परंतु हे उत्तर पुरेसे नाही. तोच माणूस स्वतःचे घर लख्ख ठेवतो, दारात सडा घालतो, रांगोळी काढतो, देवळात चप्पल बाहेर काढून जातो. मग उंबरठ्याबाहेर त्याला काय होते?

एक कारण इतिहासात आहे. आपल्या आजीच्या काळी घरातून बाहेर पडणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुजणारी किंवा पुन्हा उपयोगी पडणारी होती. पत्रावळ, द्रोण, केळीचे पान, भाजीचे देठ, चुलीतली राख, शेण. हे सारे उकिरड्यावर जाई आणि वर्षभराने त्याचे खत होई. उकिरडा ही त्या काळी घरची मालमत्ता होती. कन्नडमध्ये त्याला 'तिप्पे' म्हणतात आणि तिप्पेचे खत गाडीवर भरून शेतात नेत. येथे दोन भाषांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कन्नडमध्ये 'कस' म्हणजे केर. मराठीत 'कस' म्हणजे सत्त्व. जमिनीचा कस आपण म्हणतोच. कन्नडमध्ये 'कसदिंद रस' असा एक शब्दप्रयोग सर्रास वापरला जातो, म्हणजे कचऱ्यातून रस, टाकाऊतून टिकाऊ. एका भाषेतला केर दुसऱ्या भाषेत सत्त्व व्हावा, हा योगायोग असला तरी उकिरड्याचा व्यवहार नेमका तोच होता.

त्या काळी परसात भिरकावलेली पत्रावळ पावसाने कुजे. सवय अंगवळणी पडली. पुढे वस्तू बदलली आणि हात तोच राहिला. आज भिरकावलेले पाकीट कुजत नाही. चहाचा 'कागदी' पेलासुद्धा निव्वळ कागदी नसतो. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, म्हणूनच त्यात चहा टिकतो. जी वस्तू कधी काळी मालमत्ता होती ती आता देणे झाली आहे, पण आपण अजून जुन्याच वहीप्रमाणे वागत आहोत.

माझा फायदा, सर्वांचा तोटा

दुसरे कारण अर्थशास्त्राचे आहे. आमच्या शेजारच्या काकूंना कोपऱ्यावर पिशवी ठेवताना पाहून मी काही बोलण्याच्या आत त्याच म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या पिशवीनं काय होतंय गे?" आणि एका अर्थी त्यांचे म्हणणे खरे होते. ढिगात पन्नास पिशव्या असताना एकावन्नाव्या पिशवीने विशेष फरक पडत नाही. परंतु पहिल्या पन्नासांनीही हेच म्हटलेले असते.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील हा फरक मांडला. कृती करणाऱ्याला जो खर्च सोसावा लागत नाही, तो त्याच्या हिशेबात येत नाही, आणि म्हणून तो ती कृती गरजेपेक्षा जास्त करतो. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचे उदाहरण दिले. प्रत्येक गुराख्याला आणखी एक गाय सोडण्यात फायदा दिसतो, कारण दुधाचा लाभ त्याचा एकट्याचा आणि गवताचा तोटा सर्वांत विभागलेला. शेवटी कुरणच संपते. रस्त्याची कड हे असेच कुरण आहे. पिशवी टाकणाऱ्याचे दहा मिनिटांचे श्रम वाचतात, आणि दुर्गंधीचा वाटा मात्र सगळ्या गल्लीत थोडा थोडा वाटला जातो.

त्यात हद्दीचा प्रश्न येतो. आमच्या शहरात काही भाग महानगरपालिकेचा, काही कॅन्टोन्मेंटचा, आणि शहराबाहेर पडले की ग्रामपंचायतींचा. ढीग बहुधा तेथेच साचतात जेथे एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर तर टाकणारा वाटसरू असतो. त्याला तेथे कोणी ओळखत नाही आणि त्याला उद्या तेथे राहायचे नसते. मालक नाही, साक्षीदार नाही आणि परत येणे नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की भल्याभल्यांची शिस्त सुटते.

घाण घाणीला बोलावते

तिसरे कारण मनाचे आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. एका वाहनतळावर गाड्यांच्या काचेवर पत्रके अडकवून ठेवली. कधी जागा स्वच्छ ठेवली, कधी मुद्दाम कचरा पसरला. स्वच्छ जागेत सुमारे १४ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकले आणि घाण जागेत सुमारे ३२ टक्के लोकांनी. मग त्यांनी आपल्याच एका माणसाला सर्वांदेखत कागद टाकत जायला सांगितले. घाण जागेत हे पाहिल्यावर टाकणाऱ्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले. परंतु स्वच्छ जागेत ते उलट ६ टक्क्यांवर उतरले! स्वच्छ फरशीवर पडलेला एकच कागद डोळ्यांत खुपतो आणि 'येथे कोणी टाकत नाही' याची आठवण करून देतो.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहरात झालेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्याही पुढे जातो. सायकली लावण्याच्या बोळात हँडलला पत्रके अडकवली होती आणि भिंतीवर चित्रे खरडू नयेत अशी सूचना होती. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी पत्रक खाली टाकले. सूचना धुडकावून भिंत खरडलेली होती तेव्हा ६९ टक्के लोकांनी. म्हणजे एक नियम मोडलेला दिसला की माणूस दुसराही सहज मोडतो.

यावरून आपल्याकडील एका परिचित दृश्याचा अर्थ लागतो. भिंतीवर मराठीत 'येथे कचरा टाकू नये' आणि कन्नडमध्ये 'इल्लि कस हाकबेडि' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि त्याच्याच खाली ढीग असतो. भाषा दोन्ही समजतात, पण त्या भिंतीपाशी तिसरी एक भाषा बोलली जाते, ती ढिगाची. आणि लोक तीच ऐकतात. ढीग सांगतो, 'येथेच टाकतात.'

ज्याबद्दल आपण बोलत नाही

आणखी एक कारण आहे, ते मांडताना जीभ अडखळते. आपल्या समाजाने घाण उचलण्याचे काम शतकानुशतके काही ठरावीक जातींच्या माथी मारले. त्यामुळे टाकणे आणि उचलणे ही एकाच माणसाची कामे आहेत असे आपल्याला वाटतच नाही. 'उचलणारे आहेत की!' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! अभ्यासक्रमात स्वच्छतेचा धडा असतो, पण पिशवी भिरकावणाऱ्या हातात शिक्षणाचा अभाव क्वचितच असतो. अभाव असतो तो समोरच्या माणसाच्या विचाराचा. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) नेमके येथेच बोट ठेवले. गावात शिरले की ते आधी हातात झाडू घेत, आणि कीर्तन त्यानंतर. दिवसा रस्ता झाडायचा आणि रात्री माणसांची मने झाडायची, असा त्यांचा क्रम होता. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. परंतु बाबांच्या झाडूचा खरा अर्थ स्पर्धेपेक्षा मोठा आहे. झाडू धरल्याने माणूस खालचा होत नाही, हे त्यांनी स्वतः धरून दाखवले.

उपाय : आधी सोय, मग शिस्त

कारणे अनेक असल्यामुळे उपायही एक असू शकत नाही. पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला उपाय सोयीचा. घंटागाडी सकाळी नऊला येते आणि नवरा-बायको दोघेही आठलाच कामाला जातात, अशा घरातली पिशवी स्कूटरच्या पुढच्या बाजूला बसून प्रवास करते आणि पहिल्या सुनसान वळणावर उतरते. हा निव्वळ बेशिस्तीचा प्रश्न नव्हे, वेळापत्रकाचाही आहे. आपल्या मराठी माणसांना होळकरांमुळे जवळच्या असलेल्या इंदूरने हे ओळखले. तेथे घरोघरच्या दैनंदिन गाडीवर भर दिला गेला आणि रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवल्या गेल्या. कुंडी उघडी असली की तिच्याभोवतीच ढीग होतो; गाडी नेमाने दारात आली की ढिगाला निमित्त उरत नाही. २०१७ ते २०२३ या सलग सात सर्वेक्षणांत इंदूर देशात पहिले आले, शेवटच्या वर्षी सुरतबरोबर विभागून. शहराची माणसे बदलली नव्हती. व्यवस्था बदलली, आणि मग सवय बदलली.

दुसरा उपाय जागेचा. बंगळूरमध्ये २०१० पासून 'द अग्ली इंडियन' या नावाने नाव न सांगता काम करणारे नागरिक हेच करत आले आहेत. ते ढिगाची जागा निवडतात, स्वतः साफ करतात, भिंत रंगवतात, तेथे कुंड्या मांडतात. भाषण नाही, पत्रक नाही. वरच्या प्रयोगांचे तर्कशास्त्रच हे आहे, की ज्या जागेवर कोणाचे तरी लक्ष आहे असे दिसते, तेथे हात थबकतो. भिंतीवर देवांच्या फरशा लावण्याचा उपाय मात्र मला अपुरा वाटतो, कारण तेथला ढीग दहा पावले पुढे सरकतो इतकेच.

तिसरा उपाय किमतीचा, आणि आम्हां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना तो सर्वांत जवळचा. गोटी सोड्याची बाटली कोणी रस्त्यात फेकत नसे, कारण ती दुकानदाराला परत द्यायची असे. अनामत ठेवली की कचऱ्याला भाव येतो. तमिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यात जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्तींना इजा होत असल्याचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला, आणि २०२२ पासून तेथे प्रत्येक बाटलीवर १० रुपये जादा घेऊन बाटली परत आणल्यावर ते परत देण्याची योजना सुरू झाली. बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. या योजनेची खुबी अशी, की फेकणारा आळशी निघाला तरी दुसरा कोणी ती बाटली उचलतो, कारण आता ती बाटली नसून दहा रुपये आहेत. चोर्ला घाटाच्या दोन्ही बाजूंना असा नियम झाला तर मलप्रभेच्या उगमाला किती दिलासा मिळेल! आयर्लंडने २००२ साली दुकानातील प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट आकारले, तेव्हा दरडोई वर्षाला सुमारे ३२८ पिशव्यांचा वापर २१ वर आला. कर्नाटकाने २०१६ साली आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून बंदीचा मार्ग धरला. परंतु बंदी असलेली वस्तू हातगाडीखालून मिळत राहते. जिला दाम मोजावा लागतो ती माणूस स्वतःच नाकारतो.

चौथा उपाय दंडाचा. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले, आणि २०१६ च्या नियमांनी रस्त्यावर कचरा टाकण्यास स्पष्ट मनाई करून जागेवरच दंड घेण्याची वाट मोकळी केली. नियम आहेत, पण इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ सालीच लिहून ठेवले आहे, की गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. पाच हजारांचा कधीच न होणारा दंड हा शंभराच्या रोज होणाऱ्या दंडापुढे दुबळा आहे. शिवाय दंडाला एक धोकाही आहे. इस्राएलमधील हैफा शहरात मुलांना पाळणाघरातून उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर करणारे जवळजवळ दुप्पट झाले! २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा बोध असा, की किरकोळ दंडाला लोक भाडे समजतात आणि मनातली लाज संपते. म्हणून दंडाबरोबर लाज राहिली पाहिजे. टाकणाऱ्याने तासभर तीच जागा झाडावी, हा दंड रुपयांत मोजता येत नाही.

पाचवा उपाय शब्दांचा. 'सगळेच लोक रस्ते घाण करतात' असे फलक लावले की नकळत आपण तीच रीत असल्याची ग्वाही देतो. टेक्सास राज्याने १९८६ साली महामार्गांसाठी निराळी भाषा वापरली. 'टेक्सासच्या वाटेला जाऊ नका' अशा आशयाची ती घोषणा होती. कचरा टाकणाऱ्यांत तरुण पुरुष अधिक होते, आणि त्यांना उपदेशापेक्षा प्रांताचा अभिमान भिडेल हे ओळखून ती केली होती. १९९० पर्यंत तेथील महामार्गांवरचा कचरा सुमारे ७२ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले जाते. भाषेच्या अभिमानावरून आपल्या सीमाभागात इतके बोलले जाते; त्यातला थोडा अभिमान दोन्ही भाषिकांनी मिळून रस्त्याच्या कडेसाठी वापरला तर कोणाचे काय बिघडेल?

आपल्या हातातले

हार्डिनचे सामाईक कुरण नष्ट होणारच, असे मात्र नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयासाठी. त्यांनी जगभरची उदाहरणे देऊन दाखवले, की लोक एकत्र बसून नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि चुकणाऱ्याला हळूहळू चढती शिक्षा देतात, तेथे सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सह्याद्रीतल्या देवराया याची साक्ष आहेत. त्या राईतली काटकी न तोडणारा गावकरी आणि कोपऱ्यावर पिशवी टाकणारा शहरवासी यांच्यात फरक नियमाचा आणि आपलेपणाचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, महाविद्यालयाचे फाटक ते बसस्टॉप एवढा रस्ता आपण आपला मानू शकतो. कॅन्टीनमध्ये स्टीलचे पेले मागणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एकदाच झाडून छायाचित्र काढण्याऐवजी एकच कोपरा वर्षभर साफ राखणे, घरातली काच वेगळ्या कागदात गुंडाळून वर तसे लिहिणे, एवढी कामे कोणाच्याही परवानगीवाचून होण्यासारखी आहेत. प्राध्यापक मंडळींनाही विनंती, की अर्थशास्त्राच्या तासाला बाह्य खर्चाचे उदाहरण म्हणून कारखान्याचा धूर नेहमी येतो, त्याऐवजी फाटकाबाहेरचा ढीग घ्यावा. वर्षअखेरीस ताळेबंद जुळला नाही तर आम्हांला गुण मिळत नाहीत. रस्त्याकडेचा ताळेबंद मात्र रोज पहाटे कोणीतरी आपल्या उघड्या हातांनी जुळवत असते. त्यातली आपली बाजू आपण लिहिली, तर त्या हातांवरचा भार तेवढा कमी होईल.